पडद्यावरचा डेन्झिल

"आंटी, माउस एवढा घट्ट नका धरू. पळून नाही जात तो," शेजारची स्टेफी हसत म्हणाली.

इझाबेलने पकड सैल केली. एकोणतीस वर्षं मिशनच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून काढली, हजारभर बाळंतपणं केली, पण माउस कधी हातात धरला नव्हता. जेवणाच्या टेबलावरची फुलाफुलांचं मेणकापड काढून तिथे तो काळा लॅपटॉप ठेवला होता. आणताना रिक्षात मांडीवर घेतला तेव्हाच तिने वजनाचा अंदाज केला होता, पावणेतीन किलो. एवढं बाळ जन्मलं असतं तर तिने कार्डावर 'वजन उत्तम' लिहिलं असतं.

लॅपटॉप जुना होता. महिन्यापूर्वी वसई रोडला स्टेशनजवळच्या एका गाळ्यातून तिने तो घेतला. दुकानदार संकेत सरळ माणूस होता. "मावशी, हा ऑफिसचा माल. कंपन्या तीन-चार वर्षं वापरतात आणि काढून टाकतात. आम्ही आतून साफ करतो, मेमरी वाढवतो. दिसायला ठोकळा आहे, पण दणकट. बॅटरीचं मात्र विचारू नका, वायर लावूनच वापरा." खालच्या बाजूला कुठल्या तरी कंपनीचा नंबर लिहिलेली पट्टी अजून चिकटलेली होती आणि कीबोर्डवरचं A अक्षर पार पुसलं गेलं होतं. नवा घेतला असता तर तिप्पट पैसे पडले असते. इझाबेलने कॅमेऱ्यासकट तेरा हजार मोजले आणि घरी येईपर्यंत तिला आपण फार मोठी उधळपट्टी केल्यासारखं वाटत राहिलं.

पैसे डेन्झिलचेच होते. तिचा एकुलता एक मुलगा शारजाला एका वर्कशॉपमध्ये फिटर होता. मे महिन्यात त्याने एकदम एक लाख रुपये पाठवले. "बोनस मिळाला, आय. घराचं छप्पर करून घ्या," असं फोनवर म्हणाला. छप्पर अजून दोन पावसाळे निघण्यासारखं होतं. तिने बरीचशी रक्कम त्याच्याच नावावर बँकेत ठेवली, आणि उरलेल्यातून हा लॅपटॉप आणला. अडीच वर्षांत त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. गावातल्या, पापडीतल्या दोन-तीन घरांत लोक आपल्या मुलांना पडद्यावर बघत होते. मग आपण का नाही?

डेन्झिलला मात्र ते पटलं नव्हतं. "कशाला, आय? फोन आहे ना दर शुक्रवारी! इथे माझ्याकडे कॉम्प्युटर पण नाही." शेवटी स्टेफीने डेन्झिलच्या खोलीत राहणाऱ्या, जवळच्याच उमेळे गावच्या फ्रेडरिकला ईमेल केली. फ्रेडरिकचं एका ओळीचं उत्तर आलं: 'शुक्रवारी तुमच्या तीन वाजता बसवतो त्याला.'

आज तो शुक्रवार होता. इझाबेलने नाताळची साडी नेसली होती, केसांना तेल लावलं होतं. नवरा बॅप्टिस्ट वाडीतली केळी घेऊन बाजाराला गेला होता. "तीनच्या आत येतो" म्हणाला होता, पण त्याचे तीन कधी वाजतील ते तिला माहीत होतं.

पडद्यावर चौकोन उघडला. आधी काळा, मग करडा, आणि मग त्यात डेन्झिल उमटला.

"आय!"

"अगं बाई, केवढा वाळलास रे!" इझाबेलने पडद्याला हातच लावला. स्टेफीने हळूच तो बाजूला केला. "आंटी, तुम्ही बोला आता. मी घरी जाते, कुकर लावलाय." आणि ती गेली.

मग दहा मिनिटं कशी गेली ते कळलं नाही. डेन्झिल हसला की गालाला तीच खळी पडत होती. दाढी वाढली होती. त्याच्यामागे भिंतीवर कॅलेंडर होतं, दोरीवर बनियन वाळत होते. ती त्याला एकेक विचारत गेली. जेवण कोण करतं, चर्चमध्ये मिस्साला जायला मिळतं का, खोकला थांबला का. तो "हो", "बरं", "ठीक" म्हणत राहिला. चित्र अडखळत होतं, आवाज आधी यायचा आणि ओठ मागून हलायचे.

"आय, तुला माझा चेहरा अर्धाच दिसत असेल. थांब, आमचा कॅमेरा हलवतो," तो म्हणाला आणि पुढे वाकला.

तेवढ्यात चित्र थांबलं.

आवाज येत होता. "आता दिसतो ना नीट? चांगली दिसतेस. साडी नवी आहे का?" पण पडद्यावरचा डेन्झिल हलत नव्हता. कॅमेऱ्याकडे आलेला त्याचा उजवा हात मधोमध तसाच राहिला होता, सगळ्या पडद्याएवढा मोठा. अंगठा होता. करंगळी होती. मधे दोन बोटं नव्हती आणि तर्जनीचं वरचं पेर नव्हतं.

इझाबेलला पहिल्यांदा वाटलं, यंत्राची चूक. जुना माल, चित्र नीट उमटलं नसेल. ती पुढे सरकली. पण तिचे डोळे तिच्या मनाच्या आधी कामाला लागले होते. कातडीचा रंग लाल नव्हता, गुलाबी होता. टाक्यांच्या खुणा बुजत आल्या होत्या. ही जखम कालची नव्हती, सहा-सात महिन्यांची होती.

"आय? ऐकू येतंय ना?" तिकडे त्याला माहीतच नव्हतं की तिच्यासमोर काय आहे.

"कोणी शिवलं?" ती म्हणाली.

"काय?"

"टाके कोणी घातले, डेन्झिल?"

पलीकडचा आवाज तुटला. नेट गेलं असं तिला वाटलं, पण मागे पंख्याची घरघर ऐकू येत होती.

"इथल्या डॉक्टरने," तो म्हणाला. "इस्टरच्या आधी. मशीन बंद केलं होतं मी, दुसऱ्याने चालू केलं."

"सात महिने झाले!"

"फोनवर काय सांगणार होतो? तू म्हणाली असतीस, घरी ये. घरी येऊन काय केलं असतं? आता स्टोअरमध्ये बसवलंय मला. डाव्या हाताने लिहितो, आय. अक्षर बरं येतं आता." तो आता वाडीतल्या बोलीत बोलत होता. लहानपणी पडून आला की बोलायचा तसं, भराभर.

इझाबेलच्या डोक्यात काही तरी हिशेब जुळत होता आणि तो जुळू नये असं तिला वाटत होतं. यंदा इस्टर मार्चमध्ये. पैसे मे महिन्यात.

"आणि तो बोनस?"

पलीकडून फक्त खुर्चीची करकर आली.

"डेन्झिल, बोनस होता ना तो?"

"कंपनीने दिले, आय. हाताचे."

तिचे दोन्ही तळवे लॅपटॉपवर टेकलेले होते. बराच वेळ चालू राहून तो गरम झाला होता. चटका बसावा तसे तिने हात उचलले आणि ते कुठे ठेवावेत हे तिला कळेना. लॅपटॉप बंद करावा, पुन्हा खोक्यात घालावा आणि संकेतच्या दुकानात जाऊन परत करावा, असं तिला वाटलं. तेरा हजारांत कुठलं बोट आलं असेल, असाही एक विचार डोक्यात येऊन गेला. तिने खुर्चीची कड घट्ट धरली आणि लांब श्वास घेतला. कळा देणाऱ्या बायकांना ती घ्यायला सांगायची तसा.

चित्र हलू लागलं. डेन्झिलने मान खाली घातली होती. हात मांडीखाली दडवला होता.

"हात वर कर," ती म्हणाली.

"राहू दे, आय."

"वर कर. उजेडाकडे. आता मूठ मिट."

त्याने मिटली. करंगळी अर्ध्यातच अडली.

"करंगळीला काय झालं? ती तर शाबूत आहे."

"वळत नाही. दुखते."

"हलवत नाहीस म्हणून दुखते. सात महिने खिशात घालून ठेवलास हात, सांधा धरणारच. कोमट पाण्यात बुडवायचा, मग उघड-मीट करायची. सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा. दुखू दे. माझ्याकडे बघून कर." तिने आपला उजवा हात कॅमेऱ्यासमोर धरला आणि मूठ मिटली. आवाज जराही हलला नाही. डोळ्यांतलं पाणी गालावरून हनुवटीपर्यंत येत होतं, ते पुसायला तिचा डावा हात मोकळा होता, पण तिने पुसलं नाही.

दाराशी टोपली टेकल्याचा आवाज झाला. बॅप्टिस्ट आला होता. "लागला का? दिसतो का पोरगा?" असं म्हणत तो चपला न काढताच आत आला आणि तिच्या खांद्यावरून वाकला.

"आधी बसा," इझाबेल म्हणाली.

त्या आवाजात ती घरात कधी बोलत नसे. हॉस्पिटलात, व्हरांड्यात थांबलेल्या नातेवाइकांशी ती तसं बोलायची. बॅप्टिस्टने खुर्ची ओढली आणि बसला. मग त्याने पडद्यावर पोराच्या वर धरलेल्या हाताकडे पाहिलं.

"पप्पा," डेन्झिल म्हणाला.

बॅप्टिस्ट पाहत राहिला. एकदा त्याने इझाबेलकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे. मग त्याने आपला उजवा हात मांडीवरून उचलला. नखांत वाडीची माती होती, बोटांवर केळीच्या चिकाचे काळे डाग होते. तो हात त्याने इझाबेलच्या हाताशेजारी धरला आणि ती करत होती तशी मूठ मिटली, उघडली.

तिकडे क्षणभर उशिराने तिसरी मूठ मिटली.

"पाच," इझाबेल म्हणाली. "अजून पाच."