चिंचेची पाळी

कमठाण्याला मारुतीच्या देवळापुढं दर चैत्रात सप्ता बसायचा, आणि सप्त्याचा सैपाक भागाबाईच्या हातचा असायचा. पुढं मांडवात कीर्तन रंगायचं आणि मांडवामागं, मोठ्या चुलीपाशी बसून भागाबाई ते ऐकायची. डोळ्यांना धारा लागलेल्या. नवे बुवा तिच्याकडं बघून म्हणायचे, "काय भाव आहे माउलीचा!" भाव होताच हो, त्यात खोट नाही. पण निम्मं पाणी धुराचं होतं, हे गावाला ठाऊक होतं.

गावाची रीत अशी, की काल्याचं कीर्तन झालं, पंगती उठल्या, की कुऱ्हाडीला हळदीकुंकू लावायचं आणि ज्या घराची पाळी असेल त्याच्या रानातलं एक झाड पाडायचं. ते वर्षभर वाळायचं आणि पुढल्या सप्त्याच्या चुलीला लागायचं. दर साल एक घर, एक झाड. देवाच्या कामाला आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं.

यंदा पाळी भागाबाईची होती. आणि तिच्या रानात झाड होतं एकच, बांधावरची चिंच.

तांबड्या मातीचं ते माळरान चैत्रात तव्यासारखं तापायचं. आसपासच्या रानांतली सगळी माणसं दुपारी त्याच चिंचेखाली भाकरी सोडायची. भागाबाईची लेक खुरपणी चालू असताना तिथंच जन्मली होती. चिंच जाणार म्हटल्यावर भागाबाईला भाकरी गोड लागेना. पण देवाच्या चुलीला नाही म्हणायचं कोणत्या तोंडानं?

त्याच साली ब्लॉक हापिसातली निलम्मा गावात येऊ लागली. आळंदकडची बाई, बोलायला चटपटीत. घरोघर निर्धूर चुली घालून द्यायचं तिचं काम. सप्त्याची ती अवाढव्य चूल बघून ती सरळ कारभारी किशनरावांकडं गेली.

"अप्पा, ही चूल मोडून नवी घालू द्या. निम्म्या लाकडात सैपाक हुतोय."

"निम्म्यात?" किशनराव हसले. "मग आमच्या आयाबायांनी इतकी वरसं काय धूर शिजवला व्हय?"

"व्हय अप्पा, धूरच शिजवला. लाकूड धड जळत न्हाई, जाळ भांड्याला लागत न्हाई. सगळं आभाळात जायलंय."

मंडळी खो-खो हसली. किशनराव मात्र विचारात पडले. शेवटी त्यांनी देवाकडं तोंड करून सांगितलं, "घाला. काल्याला लाकडाचा निम्मा ढीग शिल्लक राह्यला, तर पुढल्या सालाची सोय झाली, भागाक्काच्या चिंचेला हात लावायचा न्हाई. न्हाई राह्यला, तर कुऱ्हाड."

भागाबाईनं मनातल्या मनात मारुतीला नारळ बोलला.

निलम्मानं विटा-मातीची लांबट चूल घातली. तळाशी लोखंडी जाळी, जाळीखाली वारा आत यायला एक भोक, वर एकापाठोपाठ दोन भांडी बसतील अशी जागा, आणि टोकाला पत्र्याचं उंच धुराडं.

सप्त्याच्या पहिल्या दिवशी भागाबाई पहाटे न्हाली. देवाची चूल म्हणून शेणामातीनं तिनं ती अशी सारवली, की बघत राहावं. कुंकू लावलं, रांगोळी घातली आणि जाळ केला.

आणि धुराचा लोंढा उठला! धुराडं सोडून चुलीच्या तोंडातूनच धूर मांडवात शिरला. बुवांनी नेमकं प्रल्हादाचं आख्यान लावलेलं. अग्नीत बसवलेल्या बाळाचं वर्णन करता करता त्यांना ठसका लागला.

"प्रल्हादाला अग्नी लागला नाही," डोळे पुसत बुवा म्हणाले, "पण धुराचं पुराणात काही लिहिलेलं नाही बरं का मंडळी!"

मांडव हसला. भागाबाईला हसू येईना. लाकूड घालावं तितकं काळं पडत होतं आणि ढीग उतरत होता. मारोती लाकूडतोड्या बाजूला कुऱ्हाडीला धार लावत म्हणाला, "भागाक्का, तुझ्या चिंचेचं खोड जाड हाय. आतापासूनच पाजवायलोय."

"तुझी जीभ पाजव, मेल्या," ती म्हणाली खरी, पण आवाज रडवेला होता.

दुपारच्या गाडीनं निलम्मा आली. तिनं धुराडं ठोकून बघितलं, भांडी हलवून बघितली. मग खाली वाकून चुलीच्या बुडावरून हात फिरवला आणि थबकली.

"अक्का, हितलं भोक कुणी बुजवलं?"

"मी. सारवताना," भागाबाई म्हणाली. "देवाच्या चुलीला भोकसा ठिवतेत व्हय? लक्ष्मी निघून जाती त्यातनं."

निलम्मा रागावली नाही. कपाळाला हात लावून तिथंच मांडी घालून बसली. "अक्का, त्यातनं कुणी जात न्हाई. त्यातनं ती आत येती."

भागाबाईनं क्षणभर तिच्या तोंडाकडं बघितलं. मग तुराटी घेतली आणि आपल्या हातानं लिंपलेलं आपल्याच हातानं टोकरलं.

वाळलेला पोपडा आत पडला. आणि चुलीनं श्वास घेतला. खरंच घेतला, भागाबाईच्या हातावरची लव त्या वाऱ्यानं आत ओढली गेली. धूर मागं वळला, जाळ आडवा होऊन पहिल्या भांड्याखालून दुसऱ्याखाली धावला, पिवळ्याचा पांढरा झाला, आणि चूल मृदंगासारखी घुमू लागली. डाळीला उकळी फुटली. भागाबाई बाहेर येऊन वर बघत राहिली. धुराड्याच्या टोकाला धूर नव्हताच. नुसती हवा थरथरत होती, आणि तिच्याआड देवळाचा कळस हलत होता.

मारोतीचा हात धारेवरच थांबला.

त्या दिवसापासून रोज सकाळी बाया आधी लाकडाच्या ढिगाकडं बघायच्या. द्रौपदीच्या थाळीसारखा तो उतरेनाच. भागाबाईला इतक्या वर्षांत पहिल्यांदा बुवांचा चेहरा स्वच्छ दिसला. आता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तर ते आख्यानाचं होतं.

पण पहिल्या दिवशी जळून गेलेलं लाकूड थोडं नव्हतं. काल्याच्या दिवशी गव्हाच्या खिरीची, हुग्गीची, शेवटची कढई उतरली, तेव्हा भागाबाईनं ढिगाकडं पाठ केली. किशनराव त्याच्याभोवती फिरले, काठीनं उंची बघितली, पुन्हा फिरले. तयार ठेवलेल्या ताटातलं हळदीकुंकू कुऱ्हाडीला लागायचं बाकी होतं.

"निम्म्याला ईतभर कमी हाय," ते म्हणाले.

भागाबाईनं डोळे मिटले.

"पर ती ईत पहिल्या दिसाची," किशनराव पुढं म्हणाले. "त्या दिवशी चूल कुठं पेटली हुती? नुसता धूर हुता. तो दिवस धरायचा न्हाई. मारोती, कुऱ्हाड घरला ने."

भागाबाईनं देवळाकडं वळून हात जोडले.

मग ती आणि निलम्मा द्रोणात हुग्गी घेऊन रानात गेल्या. चिंचेखाली निलम्मानं सांगितलं, की लाकूड जळलं की कर्बवायू निघतो, डोळ्यांना दिसत नाही. तो आभाळात साठायला लागलाय, धरतीवर गोधडी टाकल्यावानी, त्यानं धरती तापायलीय. झाडं तो पितात. त्याचंच खोड करतात.

"म्हंजी हे खोड..." भागाबाई अडखळली. "हे वाऱ्याचं केलंय?"

"वारा, पाणी आन् ऊन, अक्का."

भागाबाईनं दोन्ही हात खोडावर ठेवले. तिच्या कवेत न मावणारं, दगडासारखं टणक. हे सगळं वाऱ्यातून उतरलं! सकाळी चुलीतून गेलं तेही आता हिच्याच पानांत शिरत असेल. वर बारीक बारीक पानं हलत होती, आवाज न करता काम चालू होतं.

तिनं द्रोण बुंध्याशी ठेवला, पदर डोक्यावर घेतला आणि, देवळात टेकवते तसं, डोकं टेकवलं.