काल्याच्या भाकरी

विवेकाला भीती ठाऊक नसते — हे वाक्य नागेशचं स्वतःचं, परभणीच्या एका साप्ताहिकात चौकटीत छापून आलेलं. आणि आत्ता तोच नागेश झरी गावातल्या घरात उंबऱ्याशी बसून टोपल्यातल्या भाकरींवरचं फडकं पुन्हा पुन्हा सारखं करत होता. वाऱ्यानं फडक्याचं टोक उडे, खालची वाफ दिसे.

सप्ताहाचा शेवटचा दिवस, काल्याचा. आमटी देवळापुढच्या कढईत, भाकरी मात्र घराघरातून — ट्रॅक्टर गल्लीगल्लीतून फिरतो, टोपली उचलतो, पुढं जातो. ज्याच्या दाराशी थांबत नाही तो... पण थांबेल, न थांबायला झालं काय? त्यानं एवढंच तर लिहिलं होतं, की सप्ताहाला येणाऱ्या महाराजांच्या अंगाऱ्यानं रक्तातली साखर उतरत नाही. पुढं हेही होतं, की हात जोडणाऱ्याला माझा नमस्कार, त्या हातातली गोळी काढून घेणाऱ्याला नाही. पण माणसं पहिल्या वाक्यालाच चिडतात, दुसऱ्यापर्यंत पोचत नाहीत...

"झिजल ते फडकं," चुलीपुढून आई म्हणाली. कुसुमबाई अंगाराही लावायच्या, गोळीही घ्यायच्या; साखर आटोक्यात होती आणि श्रेय त्या दोघांना सारखं वाटून देत.

"आई, टोपलं नाही उचललं तर?"

"तुझ्या लिवण्याला मी आडवी आले का कधी? मंग माज्या भाकरीला तू येऊ नको. सरक, उजेड येऊ दे."

तो सरकला. आश्रुबा मात्र डोक्यातून सरकेना. समोरच्या घरातला आश्रुबा, अंगात येणं हे सोंग आहे असं एकदा पारावर बोलून गेलेला. त्या वर्षी कुणी शिवी दिली नाही, दगड मारला नाही. भाकरी गोळा करणारी तेव्हाची बैलगाडी त्याच्या दाराशी फक्त थांबली नाही. त्याच्या बायकोनं उन्हं उतरेपर्यंत टोपलं आत घेतलं नव्हतं, वरच्या भाकरीला तडे गेले होते — नागेशला ते तडे अजून दिसत होते...

टाळ ऐकू आले. मागून इंजिन. अंगाऱ्यावर आपला विश्वास नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. टोपल्यावर इतका आहे, हे आजच कळत होतं.

ट्रॅक्टर थांबला. सप्ताह कमिटीचा महारुद्र खाली उतरला, भाकरी ट्रॉलीतल्या चादरीवर ओतल्या, रिकामं टोपलं आईच्या हातात दिलं.

"काकू, हात हाय का मशीन?" मग नागेशकडे न बघता, "सर, लेख वाचला तुमचा. समद्यांनी वाचला. महाराजांनी बी."

"मग?"

"मंग काय. पंगतीला या. महाराज तुमची वाट बघायलेत."

चेहऱ्यावरून काही कळेना. तोंडात तंबाखू असली की महारुद्रचा राग आणि हसू सारखंच दिसतं.

"जायलास न्हवं?" आईनं विचारलं. टोपल्याच्या तळाशी थोडं पीठ राहिलं होतं, तो त्याच्याकडे बघत बसला. भाकरी गेल्या होत्या, म्हणजे आता त्यालाही जायला हवं होतं. आणि इतका वेळ उंबऱ्याशी बसलेली भीती उठून देवळापुढं गेली होती, पंगतीत त्याच्या शेजारची जागा धरून बसायला.

पंगत बाराची असते. बसते तीनला, म्हणजे भीतीला तोवर वेळच वेळ.