समक्ष पाहिले

या, जरा पुढे सरकून बसा. दाराशी ताटकळलात, तुम्हीही आत या, जागा आहे. आज एका वहीची गोष्ट सांगायची आहे, आणि त्या वहीतून हरवलेल्या एका मुलीची. ऐकताना कुणाचा तरी राग येईल. येऊ द्या, पण अर्ध्यातून उठू नका. एका बाईने असंच पुढचं ऐकायचं टाळलं, तिथूनच सगळं बिघडलं.

एका शहरात एक अभ्यासकेंद्र होतं. त्याचं काम एवढंच, की एका वर्षी जन्मलेली बाराशे मुलं धरायची आणि त्यांना आयुष्यभर सोडायचं नाही. दर वाढदिवसाच्या आठवड्यात घरी जायचं. उंची, वजन, डोळे, शाळा, झोप, दुखणीखुपणी, सगळं लिहायचं. मुलं चाळिशीला आली तरी लिहायचं, साठीला आली तरी लिहायचं. लिहिणारे थकतील, मरतील, वही पुढच्याच्या हातात जाईल. बाळपणी अर्धपोटी राहिलेल्याचं काळीज पन्नाशीत कसं चालतं, हे एका तपासणीत कुठल्या डॉक्टरला कळणार? त्यासाठी आयुष्यच्या आयुष्य पाहावं लागतं. जन्मभर कुणावर नजर ठेवणं हे खरं तर देवाचं काम. माणसांनीही ते थोडंफार करून पाहावं, असं केंद्र काढणाऱ्यांच्या मनात आलं, आणि त्यांचं मन मोठं होतं यात शंका नाही.

या कामावर असलेल्यांपैकी एक बाई होती. खांद्याला वजनकाटा, पिशवीत गुंडाळलेली पट्टी आणि छातीशी वही. वस्तीतले लोक तिला मोजणीच्या ताई म्हणत आणि केंद्रातले लोक बिनचूक म्हणत. पंधरा वर्षांत तिच्या वहीत एकही चौकट रिकामी नव्हती. वार्षिक सभेत मोठ्या डॉक्टरीणबाई तिची वही उंच धरून दाखवत. तेव्हा ताई खाली मान घालून हसे. ती मान नम्रतेने खाली जाई की सुखाने, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

केंद्राचा एक नियम होता. मूल घरी भेटलं नाही तर ‘समक्ष पाहिले’ ही चौकट रिकामी सोडायची. रिकामी चौकट दिसली, की केंद्राचे शोधवाले काका पिशवी उचलून निघत आणि मूल जिथे असेल तिथून हुडकून काढत. एकदा तर मीठ पिकवणाऱ्या एका कुटुंबामागे ते अकरा दिवस हिंडले होते. म्हणजे रिकामी चौकट ही चूक नव्हतीच. ती हाक होती. पण बिनचूक म्हणवून घेणाऱ्या माणसाला रिकामी जागा डोळ्यात खुपते.

त्या सोमवारी ताई नेहमीच्या गल्लीत शिरली. घर एका खोलीचं. बाप मालट्रक चालवायचा, महिन्यातले वीस दिवस बाहेर. आई घरी बसून शर्टांना काज-बटणं करायची. एका बाजूला बिनबटणांच्या शर्टांचा ढीग, दुसऱ्या बाजूला बटणं लावलेल्यांचा, मधे आई. या घरची थोरली मुलगी ताईच्या वहीतली. जन्मली तेव्हा इतकी चिमुकली, की ताईच म्हणाली होती, “हे काय बाई, छटाकभर लेकरू.” तेच नाव पडलं. छटाकी. आज तिला सोळावं लागणार होतं.

“छटाकी कुठे आहे?” ताईने विचारलं.

“मामाकडे. शिकायला.” आईने सुईतून नजर काढली नाही. “बरी आहे. लिहा तुम्ही.”

तेराव्या वर्षापर्यंत छटाकी स्वतःच भिंतीला पाठ लावून उभी राहायची. चौदाव्याला आई म्हणाली, मामाकडे. पंधराव्यालाही तेच. दोन्ही वेळा ताईने मागच्या वर्षीच्या वजनात अंदाजाने भर घातली, उंची दोन बोटं वाढवली आणि चौकटीत खूण केली. तिला संशय आला नव्हता, असं म्हणू नका. पहिल्याच वर्षी आईचे डोळे सुजलेले होते, छटाकीचं दप्तर धाकटीच्या खांद्यावर दिसलं होतं. ताईला कळलं होतं. कळलेलं विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं, ऐकलं असतं तर लिहावं लागलं असतं, आणि सभा तर आठ दिवसांवर आली होती.

आजही तिने पेन उघडलं. तेवढ्यात धाकटी भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तेरा वर्षांची, टाचा जमिनीला टेकवून, अगदी ताठ.

“माझी पण उंची घ्या.”

“तू नाहीस गं आमच्या वहीत. त्या वर्षी जन्मली असतीस तर घेतली असती.”

“माझी ताई घरात नसते तरी तिची घेता. मी असून माझी नाही?”

“गप्प बस,” आई म्हणाली. “शर्ट मोज तिकडे.”

“मोजले. चाळीस आहेत.” धाकटी भिंत सोडेना. “मी पण जाणार आहे. पुढच्या महिन्यात. मग माझं कोण लिहिणार?”

“कुठे जाणार आहेस?”

“माझ्या ताईच्या सासरी. तिच्या जागी.”

ताईचं पेन हातातच राहिलं. धाकटीने शाळेत धडा म्हणून दाखवावा तसं सगळं सांगितलं. तेरा संपायच्या आत छटाकीचं लग्न लावलं. गेल्या वर्षी बाळ व्हायचं होतं. तीन दिवस कळा देत होती, कुणी दवाखान्यात नेलं नाही. बाळ गेलं. तेव्हापासून तिचे कपडे सारखे ओले होतात, लघवी थांबतच नाही. वास येतो म्हणून तिला मागच्या खोलीत ठेवलं आहे. सासरचे म्हणतात, ही निकामी निघाली, धाकटी द्या.

खोलीत सुई थांबली होती.

“खरं आहे?” ताईने आईला विचारलं.

“दोन वर्षं तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही,” आई हळूच म्हणाली. “तुमचं बरं चाललं होतं, आमचंही. आता कशाला विचारता?”

“मी केंद्रात सांगणार आहे.”

“काय सांगणार? तुमच्याच हातची खूण आहे तिथे. पोर घरात आहे, धडधाकट आहे, असं तुम्हीच लिहिलंय.”

“तेच सांगणार आहे.”

आई उठली, दारात आडवी उभी राहिली. तिची नजर भिंतीशी उभ्या धाकटीवर गेली. मग दारातून बाजूला झाली.

“ह्यांनी विचारलं तर सांगा, बायकोने पाया पडून अडवलं होतं,” ती म्हणाली. “एवढं मात्र सांगा.”

मंडळी, ताईला त्या बाईची चीड यायला हवी होती. आली नाही. दाराशी उभी असलेली ती आई निदान दोन वर्षं रडली होती. ताई दोन वर्षं टाळ्या घेत होती.

केंद्रात मोठ्या डॉक्टरीणबाई नवा अहवाल वाचत होत्या. ताईने वही त्यांच्यापुढे उघडून ठेवली.

“या दोन खुणा खोट्या आहेत. मी मुलीला पाहिलेलं नाही.”

बाईंना आधी समजलंच नाही. “तुमच्या वहीत?”

“माझ्याच.” आणि ताईने सगळं सांगितलं.

बाईंनी चष्मा काढून ठेवला. “आपण काय छापलंय माहीत आहे? या भागात लवकर लग्नं होत नाहीत, मुलींच्या तब्येती उत्तम आहेत. त्या वाक्यावर तिथली फिरती परिचारिका बंद झाली.” त्यांनी अहवाल मिटला. “ज्या मुलींचं वाईट झालं, नेमक्या त्याच वहीबाहेर. उरलेल्यांना मोजून आपण म्हणतो, सगळं छान आहे.”

“मला काढून टाका. पण आधी धाकटीचं बघा.”

“वही तर काढून घ्यावीच लागेल,” बाई म्हणाल्या. “आणि धाकटीचं आजच बघू. घरातलं बाहेर सांगत नाही, पण लेकराच्या जिवावर बेतलं तर सांगतो, हे आपण पहिल्या दिवशीच आईबापांना सांगितलंय.” त्यांनी फोन उचलला.

दुसऱ्या दिवशी बाल संरक्षण अधिकारी त्या गल्लीत गेले. धाकटीचं लग्न थांबलं. ट्रकवरून परतलेला बाप आधी ओरडला, मग लग्नबंदीचा कागद पुढे आल्यावर खाली बसला.

आणि शोधवाल्या काकांबरोबर ताई छटाकीच्या सासरी गेली. भंगाराच्या दुकानामागे पत्र्याची खोली होती. छटाकी बादलीशी बसून बाटल्या विसळत होती. ओल्या कपड्यांचं कुणाला नवल वाटू नये, म्हणून तिने ते काम मागून घेतलं होतं. तिने वर पाहिलं आणि पदराने जमीन पुसून बसायला जागा केली.

“उशीर झाला ताई,” ती म्हणाली. रागाने नव्हे, पाहुण्याला म्हणावं तसं. “मागच्या वाढदिवसाला दिवसभर दाराकडे बघत होते. त्याच्या आदल्यालाही. सासूबाई म्हणाल्या, तुझ्याकडे कोण कशाला येतंय? मी म्हटलं, आमच्या ताई येतात, त्या एक वर्ष चुकत नाहीत.”

ताईने खांद्यावरचा वजनकाटा खाली ठेवला.

“मागच्या वर्षी माझं काय लिहिलंत?”

“लिहिलं, की बरी आहे.”

“आणि वजन?”

“बेचाळीस.”

छटाकी किंचित हसली. “बरीच होते की मग.”

त्या दिवशी तिचं वजन भरलं चौतीस. तिला मोठ्या दवाखान्यात नेलं, दोन शस्त्रक्रिया झाल्या, आणि ती बरी झाली. या दुखण्यावर उपाय असतो, तो सांगणारं कुणी भेटावं लागतं एवढंच. केंद्राने सगळ्यांच्या वह्या पुन्हा पडताळल्या. अशा न पाहता केलेल्या एकाहत्तर खुणा निघाल्या. अहवाल मागे घेतला गेला. ताईची वही दुसऱ्या बाईकडे गेली. ती आता शोधवाल्या काकांच्या हाताखाली काम करते. आपल्याला कुणी माफ केलं का, हे ती विचारत नाही.

आता उठण्याआधी एक मागणं. तुमच्या दारी कधी कुणी वही घेऊन आलं, वर्षानुवर्षं येत राहिलं, तर कंटाळू नका. त्यांना आत घ्या, खरं ते सांगा. तुमच्या नातवंडांची औषधं त्या उत्तरांतून निघणार आहेत. आणि तो माणूस जेव्हा विचारील, घरातली सगळी इथे आहेत ना, तेव्हा घाईने हो म्हणू नका. क्षणभर थांबा, आणि वाढदिवसाला दाराकडे बघत बसलेल्या त्या पोरीची, आमच्या छटाकीची, आठवण ठेवा.