सुमय्याचा बिनतापाचा थर्मामीटर

मी थर्मामीटर बोलतोय, पण मला आजवर एकही ताप भेटलेला नाही.

पेणच्या एका मेडिकलमध्ये काचेआड मी पडून होतो. शेजारचे भराभर खपायचे. मी पॉइंटनंतर दोन आकडे दाखवतो, ताप बघायला एवढं बारीक मोजमाप कुणाला नको, म्हणून मला गिऱ्हाईक नव्हतं. एके दिवशी जिते गावची सुमय्या डॉक्टरबाईंची चिठ्ठी घेऊन आली आणि मला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवसापासून नेम सुरू झाला. डोळे उघडले की पाय जमिनीला लावायच्या आधी मला जिभेखाली धरायचं आणि आकडा वहीत लिहायचा. ९७.२१. ९७.१८. ९७.२४. मला कळेना, धडधाकट बाई रोज शोधते तरी काय?

एकोणिसाव्या दिवशी आकडा एकदम ९७.७०वर चढला. तेरा दिवस तिथंच राहिला, मग उतरला आणि पाळी आली. पुढच्या दोन महिन्यांत हुबेहूब तेच! डॉक्टरबाईंनी वहीवर बोट ठेवलं. "अंडं सुटलं की अंग असं किंचित गरम होतं. चढायच्या आधीचे चार-पाच दिवस तुमच्या कामाचे." म्हणजे मी घडून गेल्यावरच सांगतो, पण तीन महिने सांगितलं की पुढचा अंदाज बांधता येतो.

अंदाज हवाच होता. सुमय्याचा नवरा आकिब आखातात, दोह्याला कामाला. लग्नाला पाच वर्षं झालेली, आणि सुट्टी वर्षातून एकच महिना.

सासू आमनानं मला दोन-तीनदा पाहिलं आणि लेकाला फोन लावला. "तुझ्या बायकोला रोज ताप हाय. लपवते ती."

आकिब घाबरला. मग फोनवर सासूच्या देखतच सुमय्याला सगळं सांगावं लागलं. तिची मान काही वर होईना. "ताप नाय, अम्मी. मूल राहायचा दिवस बघते."

आमना म्हणाली, "मग उठायची घाई कशाला करतेस गो? चहा मी टाकीन."

आकिबनं वहीतले दिवस बघून रजा मागितली. अर्जात कारण लिहिलं, बहिणीचं लग्न. त्याला बहीण नाही.

तो आला. ठरल्या दिवशी मी चढलो. आठवड्याभरानं तो परत गेला, तरी मी चढलेलाच. उतरलोच नाही, तर मूल राहिलं समजायचं. आमनाला आकडे वाचता येत नाहीत. ती रोज विचारायची, "अजून वरच हाय ना?"

"व्हय, अम्मी."

चौदाव्या सकाळी मी ९७.२२ दाखवलं. मला खोटं बोलता येत नाही. त्या दिवशी बॅटरी संपली असती तर बरं झालं असतं. सुमय्यानं आकडा लिहिला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. आमनानं चहा उशाशी ठेवला. काही विचारलं नाही.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुमचं सगळं वेळेवर चाललंय. नवऱ्याची तपासणी करा, मी मागेच म्हटलं होतं." ते सुमय्यानं आकिबला कधी सांगितलंच नव्हतं. त्या दुपारीही फोनवर ती हवापाण्याचंच बोलत राहिली. आमनानं फोन हातातून घेतला.

"आकिब, हिची तपासणी रोज व्हते. तुझी एकदा तरी करून घे."

पलीकडून आकिब म्हणाला, "अम्मी, माझ्यात काय खोट असंल?"

"असली तर कळंल. नाय तर जलमभर हिलाच विचारत बसू?"

तीन सुट्टीचे शुक्रवार त्यानं टाळाटाळ केली. चौथ्या शुक्रवारी गेला. शुक्राणूंची थोडी कमतरता निघाली, औषध सुरू झालं. डॉक्टरबाई म्हणतात, आशा आहे.

औषध लागू पडायला तीन महिने लागतात, तेवढी मला सुट्टी मिळालीय. कपाटात पडल्या पडल्या मी विचार करतो, पुढे काय होईल? माझ्याकडे फक्त झालेल्या दिवसांचे आकडे आहेत. विनंती एवढीच, की माझ्यासारख्याला विकत आणाल तेव्हा सगळे प्रश्न एकट्या बाईला विचारू नका.

आकिब आता जेवण झालं की गोळी घेतल्याचा फोटो पाठवतो. आमना तो चष्मा लावून नीट बघते आणि सुनेला म्हणते, "घेतली गो त्यानं."