मागच्यासाठी खूण

सुताराने उजवा हात पाठीमागे नेला, आणि तो कमरेच्या हाडापाशी येऊन अडला.

“अजून थोडा,” फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या. “हाड तर केव्हाच जुळलंय. वर जातो, पुढे येतो, मग मागे जायलाच काय धाड भरलीय याला?”

सुतार कसनुसा हसला. रंधा धरता येत होता, करवत चालत होती. हात एवढी एकच गोष्ट करायला तयार नव्हता, आणि का, ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

सुट्टीच्या सकाळी तो आणि शेजारचा लंबू सायकली काढत. लंबू ताडमाड उंच, तोंडाची टकळी सदा चालू. पुढे सुतार, मागे त्याच्या चाकाला जवळजवळ चिकटून लंबू. खड्डा आला की पुढच्याने हात पाठीमागे नेऊन सरकायची बाजू दाखवायची, मागच्याने सरकायचं. मागच्याला पुढचा रस्ता दिसतच नाही, तो पुढच्याच्या हातावर विसंबलेला असतो.

त्या सकाळीही सुताराने खूण केली. “दिसलं रे बाबा,” म्हणत लंबू रस्त्याच्या मधल्या बाजूला सरकला. मागून ट्रक येत होता. धडकेच्या आवाजाने सुताराचं एका हाताने धरलेलं हँडल वळलं आणि तो खांद्यावर आपटला. त्याचा खांदा मोडला. लंबू जागीच गेला.

आपल्या हाताने त्याला ढकललं, असंच सुताराला वाटे. रंधा थांबला की मानेमागून ऐकू येई, दिसलं रे बाबा. लंबूच्या बायकोचं, वहिनीचं दार टाळायला तो मागच्या जिन्याने ये-जा करी.

आज तो दवाखान्याबाहेर पडला, तर फाटकाशी वहिनीच उभी.

“गुडघ्यासाठी येते मी इथे,” ती म्हणाली. “तोंड किती दिवस लपवणार, भाऊजी? चला, घरीच चाललेय.”

फुटपाथ अरुंद होता. पुढे तो, मागे ती. वळणावर गटाराचं झाकण उघडं होतं. सुताराला कळायच्या आत हात पाठीमागे गेला, पार पाठीच्या मध्यावर, आणि त्याने रस्त्याची बाजू दाखवली.

खांद्यातून कळ गेली. त्याच क्षणी मागे हॉर्न वाजला. मान वळवायची हिंमत होईना.

“दिसलं,” मागून आवाज आला.

त्याने डोळे मिटून घेतले. गाडी निघून गेली. मग चपलांचा आवाज रस्त्यावर उतरला, गटाराला वळसा घालून पुन्हा फुटपाथवर आला.

“आधी मागे बघितलं, मग उतरले,” वहिनी म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. “ह्यांना किती वेळा सांगितलं असेल मी. भाऊजी पुढचं बघतात, मागचं तुम्ही बघत जा.”

सुताराने डोळे उघडले.

“चला,” ती म्हणाली. “मागचं मी बघते.”

तो चालू लागला. हात अजून पाठीमागेच होता.