तिसरी ओळ

“यात मी आहे का हो, ताई?”

भावजय दवाखान्यातल्या फलकापुढे उभी होती. ताजे भ्रूण : शंभरात पंचेचाळीस यशस्वी. गोठवलेले : शंभरात पन्नास. मूल होत नाही म्हणून आलेल्या बायका तो फलक देवाचा कौल घ्यावा तशा वाचत. आकडे जमवायचं काम तिथंच नोकरीला असलेल्या नणंदेचं. मोजणं हाच तिचा पिंड, म्हणून घरात तिला ‘तराजू’ म्हणत.

“आहेस. ताज्यांत.”

“यशस्वी?”

“रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की यश धरतात गं.”

गेल्या वर्षी तो आला होता. तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं.

“बरं झालं,” भावजय हसली. “कुठंतरी पास झाले म्हणायची.”

आता भावजयीचा एकच गोठवलेला भ्रूण शिल्लक होता. भावाने बजावून ठेवलं होतं, “आकड्यांचं काही बोलू नकोस. त्या पन्नासावर तग धरून आहे ती.”

दुपारी तराजू डॉक्टरांकडे गेली. “बाळ घरी गेलं तरच यश धरू या.”

“अहो बाई, समोरचा दवाखाना रिपोर्टवरच मोजतो. आपला आकडा निम्मा दिसला तर इथं माश्या मारत बसावं लागेल.”

“मग दोन्ही लावू. वर रिपोर्ट, खाली बाळं.”

“आणि एकेकीला फोन करून विचारणार कोण?”

“मी.”

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. ही ऐकायची नाही, हे त्यांना माहीत होतं. “करा,” ते म्हणाले.

विचारणं सोपं नव्हतं. काहींनी फोन आपटला. एकीने बाळाचं रडणंच ऐकवलं. एक म्हणाली, “तेव्हापासून कुणी विचारलंच नव्हतं बघा,” आणि बोलतच राहिली. त्या दिवशी तराजूला जेवण गेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा फोन उचलला.

नवे आकडे आले, तेव्हा फलक लागायच्या आधी ती भावाच्या घरी गेली. भाऊ दारातच म्हणाला, “ताई, नको.” ती त्याला ओलांडून आत गेली.

“पन्नास नाहीत गं. बाळ घरी नेलं अशा शंभरात तीसच.”

भावजयीने मनातल्या मनात वजाबाकी केली.

“म्हणजे सत्तर जणी माझ्यासारख्या?”

“हो.”

“आणि मी आपली समजत होते, माझ्यातच खोट आहे.” तिने डोळे पुसले. “तो शेवटचा भ्रूण ठेवायला दवाखान्यात किती वाजता यायचंय?”

पुढे एका सकाळी दवाखान्यात भावाचा फोन आला. “पॉझिटिव्ह! ताई, पॉझिटिव्ह!” आनंदाने त्याला धड बोलता येईना. मग फोन भावजयीने घेतला.

“ताई, मला इतक्यात खालच्या ओळीत धरू नका हं.”

“नाही धरत. बाळ घरी येऊ दे.”

“आणि ते मागचं? ते कुठं धरलंत?”

“वरच्या ओळीत तू आहेस. खाली नाहीस. ते... कुठंच नाही गं.”

“असं कसं? होतं ना ते. तीन महिने होतं.”

फोन ठेवल्यावर नणंदेने फलक भिंतीवरून उतरवला. पट्टी लावून तिसरी ओळ आखली आणि लिहिलं : दिवस गेले, पण बाळ घरी आलं नाही. मग ती पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसली. सुरुवात तिने घरच्या त्या तीन महिन्यांपासून केली.