मोहरीच्या फुलाची फर्माईश

आमच्याकडची वसंतातली गाणी मला मुळीच आवडत नाहीत. त्यांत कुणी येतच नाही, जो तो निघालेला. मार्चमध्ये शाळा संपतात, एप्रिलमध्ये नोकऱ्या लागतात, म्हणून प्रत्येक गायकानं एकेक चेरीच्या फुलांचं आणि एकेक स्टेशनावरचं गाणं करून ठेवलंय. उएदा ह्या आमच्या गावातल्या छोट्या रेडिओ केंद्रावर महिनाभर दुपारी दोन वाजता हेच चालतं. लोक फर्माईश पाठवतात, मिदोरिकावा नावाची पोरगी गोड आवाजात ती वाचते, मग गाणं. खरं नाव कुणी देत नाही, रेडिओपुरतं टोपणनाव घ्यायचं.

माझं केशकर्तनालय आहे. मी केस कापतो, दाढ्या करतो, माझी बायको फुमिए गिऱ्हाइकांची डोकी धुते. रेडिओ तिच्या बेसिनपाशी असतो. खाली दुकान, वर घर. लग्नाला अडतीस वर्षं झाली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ‘मोहरीचं फूल’ नावाच्या बाईची चिठ्ठी वाचली गेली. ‘माझे यजमान खाली दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलतात आणि जिना चढून वर आले की तोंडाला कुलूप. किल्ल्यातल्या चेरीची फुलं गळाली की मी घर सोडणार आहे. त्यांना अजून पत्ता नाही. तोवर निरोपाचं एखादं छानसं गाणं लावा.’

माझ्या हातातली कात्री थांबली. आरशातून फुमिएकडे बघितलं. ती टॉवेलच्या घड्या घालत होती आणि गाणं गुणगुणत होती. शब्दन् शब्द पाठ.

“हे गाणं तुला कुठून येतं?” मी विचारलं.

“महिनाभर रोज लागतंय. तुम्हाला येत नाही?”

उत्तर तर सरळ होतं, पण माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. त्या दिवसापासून मी डोळ्यांत तेल घालून बघायला लागलो, आणि बघावं तिथे पाणी मुरताना दिसायला लागलं. तिनं नवे चालायचे बूट घेतले होते. सोमवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी, ती दोन तास कुठेतरी जाऊन आली आणि विचारलं तर म्हणाली, “दाताच्या डॉक्टरकडे.” माझ्या सिगारेटींवरून तिनं पंधरा दिवसांत एकदाही कटकट केली नव्हती. मला सगळ्यांत जास्त धास्ती त्याची वाटली. जिला राहायचंय ती बाई कटकट करते. जिला जायचंय ती कशाला तोंड वाजवेल?

ती टोफू आणायला गेली की मी कपाटं उघडायचो. कुठे बॅग भरलेली नाही, कुठे कागद नाही, पासबुक जागच्या जागी. इतकं नीटनेटकं बघून माझा संशय आणखीच वाढला. तिच्या दाताच्या डॉक्टरला फोन करून बघावा असंही मनात आलं. केला नाही, कारण तो माझं गिऱ्हाईक आहे.

सरळ विचारायचं तेवढं जमेना. रोज ठरवायचो, आज जेवताना विचारू. मग जेवण यायचं, मी टीव्ही लावायचो, आणि मासा संपेपर्यंत बातम्याही संपायच्या. गिऱ्हाइकाशी हवापाण्यावर तासभर बोलू शकणारा मी, बायकोशी एक वाक्य बोलायला मला घाम फुटत होता.

वाऱ्यानं फुलं झडायला लागली. दुकानाच्या दारात पाकळ्या येऊन पडत, फुमिए रोज झाडून काढी. एका सकाळी ती झाडत असताना मला वाटलं, झालं, आता जाणार ही. आणि मी एक भलतंच काम केलं. केशकर्तकांच्या संघाकडे मालाची ऑर्डर द्यायला आमच्याकडे फॅक्सचं जुनं यंत्र आहे. ती बाजारात गेल्यावर मी बसलो आणि रेडिओला लिहिलं. नाव घेतलं ‘बोथट वस्तरा’. समोर बोलायची छाती नव्हती, म्हटलं ह्या वाटेनं तरी तिला कळू दे, की मला सगळं ठाऊक आहे. फॅक्स गेला. कागद मी फाडून टाकला.

दोन वाजता योनेकुरा दाढीला आला. निवृत्त बसड्रायव्हर, मान जाड, केस राठ, तोंड अखंड चालू. मी खुर्ची मागे कलती केली, साबण लावला, वस्तरा गळ्यापाशी नेला. आणि मिदोरिकावा म्हणाली, “आज आधी आपल्या मोहरीच्या फुलाचं पत्र.”

‘काल मी निघाले,’ असं त्यात होतं. ‘यजमान खाली आमच्या फुलझाडांच्या रोपांच्या दुकानात होते. आता उत्तरेकडे, सेंदाईला मुलीकडे पोहोचले आहे. इथली फुलं अजून उमलायची आहेत.’

फुमिए माझ्यापासून चार हातांवर, बेसिन घासत उभी होती. सेंदाईला नव्हती. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. कुण्या रोपवाल्याची बायको होती ती. मी वस्तरा भलताच झरझर ओढला आणि योनेकुरा डोळे मिटूनच म्हणाला, “मास्तर, जरा बेतानं. गळा माझा आहे.”

आणि तेवढ्यात मला फॅक्स आठवला.

“फुमिए, रेडिओ बंद कर,” मी म्हटलं.

“का? गाणं लागेल ना आता.”

“मला त्रास होतोय. बंद कर.”

पण मिदोरिकावानं वाचायला सुरुवात केली होती. “आणि ह्या आपल्या मोहरीच्या फुलाच्या यजमानांचं उत्तर दिसतंय. बोथट वस्तरा लिहितात.”

फुमिएनं माझ्या हातातल्या वस्तऱ्याकडे बघितलं आणि आवाज मोठा केला. मला जाता येईना. धार योनेकुराच्या गळ्यावर होती.

‘तू कोण ते मला कळलंय. तू का जातेस तेही कळलंय. मी जेवताना बोलत नाही. तू बायकांच्या पार्लरमधून केस कापून आलीस तर सबंध उएदात फक्त मी काही म्हणत नाही, आणि माझा धंदाच केसांचा. तुझी आई गेली त्या दिवशी मी दुपारपर्यंत दुकान उघडं ठेवलं, आणि तू समोरच्या स्टेशनावर एकटी उभी होतीस ते मी खिडकीतून बघत होतो. तुझ्या वाढदिवसाला मी दरवर्षी संघाच्या बैठकीला जातो. त्या दिवशी बैठक नसते. मी नदीकाठी बाकावर बसतो, कारण घरी राहिलो तर काहीतरी बोलावं लागेल. हे सगळं मला माहीत आहे. पण एवढ्यावरून कुणी घर मोडतं का?’

मग निरोपाचं गाणं लागलं. ते संपल्यावर फुमिएनं रेडिओ बंद केला.

“अगं, ती तू आहेस असं वाटलं मला,” मी म्हटलं. “त्या बाईचं सगळं आपल्यासारखंच होतं. घाबरून लिहिलं.”

“मी कशाला लिहू?” फुमिए म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. “माझ्या मनातही नव्हतं.”

“मग झालं तर. माझी चूक झाली. विसरून जा.”

“मला वाटायचं तुम्हाला कळत नाही.”

“काय?”

“काहीच. मी आईला सांगायचे, माझ्या बहिणीला सांगायचे, अहो ह्या माणसाला कळतच नाही, मनानं वाईट नाही. कळत नाही त्याच्यावर काय रागवायचं? अडतीस वर्षं मी असंच धरून चालले.” तिनं हात पुसले. “आणि तुम्ही खिडकीतून बघत होतात.”

गिऱ्हाइकांसाठी माझ्याकडे शंभर वाक्यं तयार असतात, त्यातलं एकही तिथे चालणारं नव्हतं. मी वस्तरा पुसत राहिलो, आणि मी पुसत राहिलोय हे तिला दिसलं.

तिनं गरम टॉवेल पिळून माझ्या शेजारी ठेवला, योनेकुराला वाकून म्हणाली, “माफ करा हं, आज मधेच जातेय,” आणि जिना चढून वर गेली. वरून कपाट उघडल्याचा आणि बॅग खाली ओढल्याचा आवाज आला. ह्या वेळी मला कसलाच संशय नव्हता.

“मास्तर,” योनेकुरा हळूच म्हणाला, “राहू द्या माझी दाढी. वर जा.”

“आलोच,” मी म्हटलं, आणि त्याचा दुसरा गाल करायला घेतला.